उन्हात ठेवलेले आठ डबे

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, दसरा उलटल्यानंतरच्या आठवड्यात, अंधेरीत आम्ही राहत होतो त्या घराच्या गच्चीवर एका मूकपटाची आठ रिळे जळाली. आग भर दुपारी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मूकपटाचे दिग्दर्शक सरकारी रुग्णालयात वारले. त्यांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळी असल्यामुळे दुपारी घरीच असे. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेले आहे. जे पाहिलेले नाही, ते कोणाकडून कळले ते सांगितले आहे.

घर कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, भाताच्या खाचरांच्या कडेला होते. तळमजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको, मागच्या दोन खोल्यांत दिग्दर्शक आणि त्यांची पत्नी. सगळे त्यांना काका आणि काकू म्हणत. वरच्या मजल्यावर मालवणकडचे एक कुटुंब होते; घरधनी पूर्वी गिरणीत होते, आता एका स्टुडिओच्या फाटकावर पहारा करीत. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. घरमालक शेजारच्या बंगल्यात राहत.

काकांची सुरुवात नाटक कंपनीत पडदे रंगवण्यापासून झाली. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. कंपनी गावोगाव फिरे आणि पावसाळ्यात मुक्काम पडला की ते फाटलेले पडदे पुन्हा रंगवीत. तिथून ते चित्रपटात आले. वर्सोव्याच्या, म्हणजे वेसाव्याच्या, बाजूला एका शेडमध्ये, छताऐवजी पांढरे कापड ताणून, खाली झिरपणाऱ्या उन्हात त्यांनी सात मूकपट काढले. त्या काळावर ज्यांनी लिहिले आहे त्यांनी काकांना एखादा परिच्छेद दिला आहे. भर दुपारी रात्रीचे प्रसंग टिपण्याची त्यांची हातोटी आणि होडीत ठेवलेला कॅमेरा, या दोन गोष्टींचा उल्लेख त्यात असतो. बोलपट आले तेव्हा ते थांबले. कारण विचारले तर म्हणत, ‘‘माणसं बोलायला लागली आणि हलायचं विसरली.’’ मी त्यांना ओळखत होतो त्या वर्षांत ते दुकानांच्या पाट्या आणि थिएटरांचे फलक रंगवीत.

सातांपैकी सहा चित्रपट त्यांच्या भागीदाराने विकले होते. घेणाऱ्यांना चित्रांशी काही देणेघेणे नव्हते. जुनी फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुतली की चांदी निघे, आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्या बांगड्या करणाऱ्यांकडे जात. काका ते हसत सांगत.

‘‘माझे चार राजे आणि एक राक्षस अंधेरीतल्या बायकांच्या मनगटावर किणकिणत असतील.’’

‘‘माझ्या हातात काचेच्या आहेत,’’ काकू आतून म्हणत. ‘‘येऊन बघा हवं तर.’’

सातवा चित्रपट त्यांच्याकडे राहिला. नऊ रिळे, नऊ डबे. कथा एका नावाड्याच्या बायकोची होती. नायिकेसाठी एक नटी ठरली होती. चित्रीकरण सुरू झाले आणि ती दुसऱ्या कंपनीत निघून गेली. दुसरी मिळेना. तेव्हा काकू उभ्या राहिल्या. त्या चांगल्या घरातल्या होत्या, त्यांचे वडील शाळेत शिक्षक होते. चित्रपटात काम केल्याचे कळल्यावर माहेरचे दार बंद झाले. वडील गेले तेव्हाही निरोप आला नाही. जाहिरातीत त्यांचे नाव छापले नव्हते, ‘एक कुलीन स्त्री’ एवढेच होते. आणि चित्रपट गिरगावात लागला तेव्हा त्या विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या उठून बसायच्या आत तो उतरला. पुन्हा कुठे लागल्याचे त्यांना आठवत नव्हते. घरात प्रोजेक्टर कधीच नव्हता.

म्हणजे ज्या कामापायी त्यांचे माहेर तुटले, ते काम त्यांनी पडद्यावर पाहिलेले नव्हते.

‘‘खिडकीशी पट्टी धरून बघितलंय,’’ त्यांनी एकदा माझ्या बायकोला सांगितले. ‘‘नखाएवढी दिसते मी. पण ती नुसती उभी असते. मला हलताना बघायचंय.’’

त्या वर्षी ते शक्य आहे असे दिसू लागले. शहरातली काही मंडळी जुने चित्रपट गोळा करीत होती. त्यांच्यासाठी काम करणारा एक रसायनतज्ज्ञ होता. तो जुन्या फिल्मवरून नव्या, सुरक्षित फिल्मवर प्रत उतरवीत असे. काकांचा चित्रपट उतरवायचे ठरले. दिवाळीनंतर तो दाखवू, असा शब्द त्या मंडळींनी दिला. काकूंनी त्या दिवसासाठी नेसायचे लुगडे काढून ठेवले होते, हे वहिनींनी मला सांगितले.

जुनी फिल्म कशाची असते हे इथे सांगायला हवे. कापूस आणि आम्ल यांपासून ती बनत असे. बंदुकीच्या दारूशी तिचे सख्खे नाते आहे. ती नवी असताना ठिणगीने पेटते. जुनी होऊन कुजू लागली की तिच्यातून आम्लाची वाफ निघते, ती वाफ कोंडली गेली की कुजणे वाढते, आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ठिणगीचीही गरज पडत नाही. हे सगळे मला नंतर समजले. काकांना त्यातली ठिणगी तेवढी माहीत होती. डबे होते त्या खोलीत ते विडी नेत नसत. तिथे दिवा लावू देत नसत. गणपतीत उदबत्तीसुद्धा पुढच्या खोलीत.

मागच्या खोलीच्या भिंतींना पावसात ओल येई. त्या वर्षी मृग लागण्याआधी काकांनी सगळ्या डब्यांची झाकणे मेणबत्तीचे मेण ओतून बंद केली आणि वर कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसे. ओल आत जाऊ नये एवढाच हेतू. पूर्वी कधी त्यांनी असे केले नव्हते. या वर्षी प्रत निघायची होती, म्हणून जास्त काळजी घेतली.

श्रावणात वास सुरू झाला. सोनाराच्या दुकानात आम्लाची बाटली उघडल्यावर येतो तसा, नाकात रुतणारा. वहिनी जिना उतरताना नाकाला पदर लावत.

‘‘काकू, ह्यो वास खयसून येता? उंदीर मेलो की काय?’’

‘‘उंदीर कसला! यांचे राजे आंघोळ करत नाहीत, त्यांचा वास,’’ काकू म्हणाल्या.

त्याच सुमारास त्या खोलीतल्या फळीवरच्या तांब्याच्या हंड्यावर हिरवा थर धरू लागला. काकू चिंचेने घासत, चार दिवसांत तो परत येई. खिडकीच्या बिजागऱ्या गंजून एक फळी निखळली. दोरीवर वाळत घातलेला काकांचा सदरा झटकताना खांद्यावर फाटला; कापड नवे होते. काकूंनी धोब्याला दोष दिला. या गोष्टी वेगवेगळ्या घडल्या आणि त्या एकत्र करून कोणी पाहिल्या नाहीत.

घरमालकांना मात्र एकच गोष्ट दिसत होती. आदल्या उन्हाळ्यात जवळच्या एका स्टुडिओचे फिल्मचे गोदाम जळाले होते. त्याचा पिवळट धूर आमच्या अंगणातून दिसला होता.

‘‘काका, दिवाळीच्या आत ते डबे हलवा,’’ ते दारात उभे राहून म्हणाले. ‘‘पोरं बाण सोडणार. एक आत आला तर आमचीच होळी.’’

‘‘दिवाळीत होळी? तुमचं पंचांग कुठलं?’’

‘‘चेष्टा नाही. नाहीतर मी माणसं लावून खाडीत टाकीन.’’

‘‘टाका. पाण्यात माझी हिरॉइन पोहते चांगली.’’

घरमालक हसले नाहीत. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला याचे नियम माहीत असतील. मला माहीत नव्हते.

भाद्रपदाच्या मध्यावर रसायनतज्ज्ञ आला. टॅक्सीने आला, कारण अशी फिल्म आगगाडीतून नेणे मना होते. तिशीचा, कमी बोलणारा माणूस. मी त्या वेळी काकांच्या खोलीत बसलो होतो. त्याने पहिल्या डब्याचे मेण चाकूने तोडले, फिल्मची चार हात लांबी उलगडून उजेडात पाहिली आणि ठीक आहे अशी मान हलवली. मग दुसरा डबा उघडला. झाकण निघताच तो मागे सरकला. फिल्मच्या कडेला मधासारखा चिकट तपकिरी फेस आला होता. त्याने बोटाने तो दाबून पाहिला, झाकण लावले आणि हात धुवायला पाणी मागितले. हात तो पुष्कळ वेळ धुत राहिला.

‘‘पहिलं आज नेतो,’’ तो म्हणाला. ‘‘बाकीची अशी पिशवीतून नेता येणार नाहीत. व्यवस्था करून गाडी घेऊन येतो.’’

काकू दारात होत्या. त्यांनी विचारले, ‘‘दुसरं नाही का नेता येणार? पहिल्याऐवजी?’’

‘‘का?’’

काकांनी उत्तर दिले. ‘‘ही दुसऱ्या रिळात येते. पहिल्यात बाजार आहे, जत्रा आहे, मिशीवाले आहेत.’’

‘‘दुसरं आत्ता हलवणं बरोबर नाही,’’ रसायनतज्ज्ञ म्हणाला. ‘‘उलगडायला गेलं तर वरचं चित्र सुटून येईल. मी येईपर्यंत हात लावू नका. कुठल्याच डब्याला हात लावू नका. गार जागेत ठेवा.’’

‘‘हात लावू नका’’ हे तो दोनदा म्हणाला, हे मला नक्की आठवते. मेणाबद्दल तो काही बोलल्याचे मला आठवत नाही. तो गेल्यावर काकांनी दुसऱ्या डब्याच्या झाकणावर पुन्हा मेण ओतले.

गाडी आठवड्याभरात येणार होती, ती आली नाही. एकदा निरोप आला की रसायनतज्ज्ञ आजारी आहे. मग नवरात्र बसले. खंडेनवमीला काकांनी आपला जुना कॅमेरा पुसून पाटावर ठेवला, कुंचले शेजारी मांडले आणि फुले वाहिली. दरवर्षी नऊ डब्यांनाही हळदकुंकू लागे. या वर्षी लागले नाही.

‘‘हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना,’’ काका म्हणाले.

‘‘हळदीनं काय बिघडतं?’’

‘‘सांगितलंय तर राहू दे गं.’’

दसऱ्यानंतर ऊन तापले. भात पिवळे पडले होते, वारा पडला होता. घरमालक आणखी एकदा येऊन गेले. या खेपेला त्यांनी दिवस नेमून दिला. काका गाडीची चौकशी करायला शहरात गेले आणि दोन दिवसांत नक्की असे उत्तर घेऊन आले.

त्याच आठवड्यात काकूंचे वर्षाचे काम असे. पावसाळाभर पेटीत राहिलेली रेशमी वस्त्रे, गाद्या, डाळी, हिंगाचा डबा, सगळे गच्चीवर नेऊन उन्हात टाकायचे. आमच्याकडेही ते होई, वहिनींकडेही. ओल धरलेल्या वस्तूला ऊन दाखवले की ती टिकते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. डबेही दरवर्षी वर जात. पण काकू त्यांची झाकणे उघडून ते पाण्याच्या टाकीच्या भिंतीच्या सावलीत, वाऱ्याला ठेवत, उन्हात नाही. चित्र उडते असे काकांनी पूर्वी सांगितले होते.

त्या सकाळी काका हमरस्त्यावर एका मिठाईवाल्याची पाटी रंगवायला गेले. काकूंनी आठ डबे एकेक करून वर नेले. वहिनींनी त्यांना मदत केली. जिन्यात दोघी बोलत होत्या, ते मी ऐकले.

‘‘अगो बाय, ह्यो डबो गरम लागता.’’

‘‘खोलीत उकडतंय किती! झाकणाखाली ओल धरल्ये बघ, पट्ट्या चिकट झाल्यात. परवा गाडी येईल आणि म्हणेल, सगळं कुजवलंत.’’

‘‘झाकणा उघडूया मगे?’’

‘‘नको. आत हात लावायचा नाही म्हणालाय तो. बंदच ठेवू. बंद आहेत म्हणजे चित्राला ऊन लागायचं नाही. बाहेरून सुकतील.’’

डबे त्यांनी टाकीवरच्या पत्र्यावर मांडले. तिथे सगळ्यात जास्त ऊन येई.

जेवणे झाल्यानंतर काही वेळाने वर आवाज झाला. स्फोटाचा नव्हता. प्रायमस स्टोव्हला भरपूर पंप मारल्यावर येतो तसा सुसाट, आणि तो थांबेना. वहिनी ओरडत जिना उतरल्या.

‘‘गच्येर पेटला! काकू, तुमचे डबे पेटले!’’

मी वर गेलो तेव्हा तीन डबे जळत होते आणि चौथ्याचे मेण पातळ होऊन पत्र्यावर ओघळत होते. ज्वाला पांढरट होती, धूर पिवळा-तपकिरी. वरच्या कुटुंबाचे घरधनी आणि मी बादल्या ओतल्या. पाणी पडले तरी डब्यातली फिल्म पाण्याखाली जळत राहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. धूर घशाला लागला तसे आम्ही दोघे जिन्यापर्यंत मागे आलो. काकूंना माझ्या बायकोने खालीच धरून ठेवले होते.

काका रस्त्यावरून धूर पाहून आले. हातात कुंचला होता, तो त्यांनी अंगणात टाकला. मी त्यांना जिन्यात अडवले.

‘‘काका, जाऊ नका. विझत नाही ते.’’

‘‘दुसरा कुठला आहे? दुसऱ्याच्या झाकणावर माझा लाल ठिपका आहे. तो पेटलाय का?’’

मी बघितले नव्हते. ते मला बाजूला सारून गेले. ओले पोते घेऊन त्यांनी दोन डबे पत्र्याच्या कडेला ओढले. त्यांतला एक लाल ठिपक्याचा होता. झाकण सैल होऊन निघाले तेव्हा ते त्यावर वाकलेले होते. ज्वाला आली नाही, आधी धूर आला, भरपूर. मग तोही डबा पेटला. काका स्वतःच्या पायांनी खाली आले.

आगीचा बंब येईपर्यंत गच्चीवर काळी साय आणि वाकडे झालेले पत्रे एवढेच उरले होते. बंबाबरोबरच्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

‘‘धूर कोणी घेतला का?’’

‘‘थोडा,’’ काका म्हणाले. ‘‘विड्यांपेक्षा कमी.’’

‘‘डॉक्टरला दाखवा.’’

‘‘दाखवतो उद्या.’’

त्यांना थोडा खोकला होता. त्यांनी चहा घेतला. घरमालक आले, गच्ची बघून परत गेले. संध्याकाळी काकांनी भात आणि मेतकूट खाल्ले. आमच्या दोन बिऱ्हाडांमधली भिंत पातळ होती.

‘‘मीच ठेवले उन्हात,’’ काकू म्हणाल्या.

‘‘मेण मी ओतलं.’’

‘‘वर्षानुवर्षं सावलीत ठेवत होते. याच वर्षी...’’

‘‘अगं, सोड आता. पहिलं तिकडे आहे ना.’’

‘‘त्यात मी नाही.’’



सकाळी त्यांना बसल्या जागी दम लागू लागला. ओठ निळसर झाले होते. टॅक्सी मिळवून आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की छातीत पाणी भरले आहे, अशा धुराचे असेच असते, पहिल्या दिवशी माणूस हिंडतो-फिरतो. दिवे लागायच्या सुमारास ते गेले. काकू शेजारी होत्या. आमच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी आगीची चार ओळींची बातमी आली आणि आतल्या पानावर निधनाची वेगळी. दोन्हींचा एकमेकींत उल्लेख नव्हता. दोन्ही मी लिहिल्या नव्हत्या.

तेराव्यानंतर रसायनतज्ज्ञ आला. अशक्त दिसत होता. दारातच उभा राहिला. काकूंनी त्याला बसायला पाट दिला.

‘‘पहिल्याची प्रत निघाली आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हाला बघायची असली तर व्यवस्था करतो. नसली तरी हरकत नाही.’’

‘‘किती आहे?’’

‘‘दहाएक मिनिटं.’’

‘‘येते,’’ काकू म्हणाल्या.

शहरातल्या प्रयोगशाळेच्या एका छोट्या खोलीत ते रीळ दाखवण्यात आले. खोलीत काकू, वहिनी, मी आणि प्रोजेक्टर चालवणारा रसायनतज्ज्ञ असे चौघे होतो. काढून ठेवलेले लुगडे काकूंनी नेसले नव्हते. पडद्यावर बाजार आला, जत्रा आली, पालखी आली. एका दृश्यात होडीतून टिपलेला किनारा हळूहळू मागे जातो. वहिनी ‘‘अगो, ह्या तर वेसाव्याचा बंदर,’’ म्हणाल्या. शेवटी किनाऱ्यावरची एक झोपडी येते. नावाडी तिच्यासमोर उभा राहून हाक मारतो. झोपडीचे दार बंद आहे. दार आतून थोडे हलते आणि रीळ संपते.

खोलीत उजेड झाला.

‘‘दाराच्या आत मी होते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कडी काढत होते.’’

रसायनतज्ज्ञाने पुन्हा लावू का म्हणून विचारले. काकूंनी मानेने नाही म्हटले.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी अंधेरीची जागा सोडली. बहिणीचा मुलगा त्यांना न्यायला आला होता. माहेरच्या कोणी येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे त्या कुठे होत्या हे मला ठाऊक नाही. रीळ आजही त्या मंडळींच्या संग्रहात आहे. सोबतच्या नोंदीत दिग्दर्शकाचे नाव, बाजारातल्या आणि जत्रेतल्या तीन नटांची नावे आणि लांबी दिलेली आहे.